तिसऱ्या मजल्याचा पालक

पाझर सोसायटीच्या भाजीत मधुमेहाचं औषध सापडलं तेव्हा कुणालाही वाईट वाटलं नाही. उलट लॉबीतल्या पडद्यावर तपासणीचे आकडे झळकले, तशी मंडळी खाली जमली आणि आपला मजला शेजारच्या मजल्यापेक्षा वर आहे हे बघून थोडी सुखावली. मधुमेह हा काही वाईट चालीचा आजार नाही. तो बसून कमावलेला असतो. दारात चारचाकी आली की मागोमाग येतो. मेथीत मधुमेहाचं, शेपूत ब्लडप्रेशरचं, दोडक्यात अ‍ॅसिडिटीचं. "म्हणजे आता जेवणानंतरची गोळी जेवणातच," असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

मग तिसऱ्या मजल्याचा पालक आला आणि हसणं थांबलं. त्यात फिटचं औषध होतं.

ही गोष्ट सोलापुरातली, आणि फार पुढच्या काळातली नाही. नळाला पाणी तेव्हाही रोज येत नव्हतं. फक्त ते का येत नाही हे सांगणारं अ‍ॅप आलं होतं. शहराभोवतीची शेतं इमारतींखाली गेल्यावर सरकारला शेतीची आठवण झाली आणि नियम निघाला: प्रत्येक नव्या इमारतीनं आपल्या भाजीचा ठरावीक हिस्सा आपल्याच अंगावर पिकवायचा, नाहीतर भोगवटा प्रमाणपत्र मिळणार नाही. हे जमलं ते एका विटेमुळं. उसाच्या चिपाडांची राख आणि काळी माती भाजून केलेली ती वीट स्पंजासारखी सच्छिद्र होती आणि तिच्या छिद्रांत जंगलातल्या झाडांच्या मुळांशी राहणारी एक बुरशी जगू शकत होती. ह्या बुरशीचा आणि झाडाचा व्यवहार फार जुना. झाडाला साखर करता येते, पण खनिजं शोधता येत नाहीत. बुरशीचं नेमकं उलट. दोघं एकमेकांना पोसतात. कुणा शास्त्रज्ञानं हा संसार जंगलातून उचलून भिंतीत थाटून दिला, एवढाच तो शोध.

बुरशीला खाऊ लागतो. तो घरातून जायचा. अंघोळीचं पाणी, भांड्यांचं पाणी आणि माहितीपत्रकात ज्याला 'मानवी द्रवपोषण' म्हटलं होतं ते. ते संडासातच वेगळं व्हायचं, टाकीत निवळायचं, गाळून आपापल्या मजल्याच्या पन्हळीत पडायचं आणि पन्हळीतून विटांत पाझरायचं. बाहेरच्या भिंतीवर पालक, चुका, अंबाडी, टोमॅटो लगडायचे. गेल्या महिन्यात तुम्ही जे होतात ते ह्या महिन्यात शेजाऱ्याच्या आमटीत, असा एकूण हिशेब. सुरुवातीला लोकांना किळस आली. मग मालमत्ता करात सूट आली आणि किळस गेली.

बुरशी जंतू खाते, साबण खाते, तेलही खाते. पण माणसानं काही रेणू असे चिवट बनवले आहेत की ते बुरशीलाही तुटत नाहीत. फिटचं ते औषध त्यांतलंच. शरीरातून थोडं तसंच बाहेर पडतं, विटेतून पार होतं, मुळातून पानात चढतं. पानातलं पाणी उन्हानं उडून जातं. औषध मागं राहतं. पालकाची पानं रुंद असल्यामुळं त्यांत जरा जास्तच.

हे सगळं प्रयोगशाळेचा तरुण तंत्रज्ञ ऋतुराज लॉबीत उभा राहून समजावून सांगत होता. समोर सोसायटीचे चेअरमन बिराजदार होते. हे पूर्वी सिमेंटचे डीलर. आता सिमेंटनं पृथ्वीचं काय वाटोळं केलं ह्यावर शाळांमधून बोलायला जात.

"किती आहे ते औषध?" बिराजदारांनी विचारलं.

"नगण्य. एका गोळीइतकं पोटात जायला बैलगाडीभर पालक खावा लागेल. एका बैठकीत."

"पण खाल्ला तर जाईल ना?"

"बैलगाडीभर खाल्ला तर... हो."

"बघा," बिराजदार सगळ्यांकडं वळले. "सायन्स स्वतः कबूल करतंय."

"कुणाच्या घरातलं आहे ते कळतं का?" मागून एका बाईंनी विचारलं.

"पन्हळ मजल्याची असते. मजला कळतो, घर कळत नाही. आणि कळलं तरी मी सांगणार नाही. तसा कायदा आहे."

"कायदा आहेच ओ. आम्ही कुठं नाव विचारतोय? आम्ही नुसता अंदाज घेतोय."

अंदाज घ्यायला फार वेळ लागला नाही. तिसऱ्या मजल्यावर चार घरं. तीनशे चारचा मालक जर्मनीत. तिथून तो लघवीला येणं शक्य नव्हतं. तीनशे तीनमध्ये आळंगे आजी-आजोबा. त्यांची औषधं साऱ्या इमारतीला तोंडपाठ होती, कारण ती ते दोघं लिफ्टमध्ये स्वतःच सांगत. तीनशे एक वृषाली उंबरज्यांचं. त्या गणिताच्या शिक्षिका. नवरा छत्तीसगडला वीजकेंद्रावर, दिवाळीला यायचा. मुलगी शर्वरी सोसायटीतल्याच लहान मुलांचा खेळवर्ग घ्यायची. असल्या घरात काय असणार? राहिले तीनशे दोन. व्यंकटेश आणि लावण्या गड्डम, आणि त्यांची पाच वर्षांची वेदश्री. भाडेकरू. शिवाय लावण्या जिन्यानं जाताना एकटीच गाणं म्हणायची.

"तरीच," कुणीतरी म्हणालं. ह्या एका शब्दावर आपल्याकडं अनेक चौकशा पूर्ण होतात.

वृषालीताई गर्दीच्या मागं पिशवी धरून उभ्या होत्या. त्या जिन्यानं वर आल्या. लिफ्टमध्ये आरसा होता.

*

"सांगून टाकू आई," शर्वरी म्हणाली.

"काय सांगून टाकू?"

"ते माझं आहे म्हणून. मला फिट येत होती, गोळी घेते, दोन वर्षांत आली नाही. झालं, संपलं."

"संपत नाही, तिथून सुरू होतं. उद्या एक तरी पोरगं पाठवतील का तुझ्याकडं?"

"नको पाठवू देत."

"असं म्हणायला बरं वाटतं. सकाळी सतरंजी अंथरून बसशील आणि कुणी येणार नाही, तेव्हा म्हण."

शर्वरी पंचवीस वर्षांची होती. मुलं तिला शर्वीताई म्हणत आणि तिच्या अंगावर झाडावर चढावं तशी चढत. तिला दुसरं काही करायचं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी तापात गोळ्या चुकल्या आणि ती जिन्यातच कोसळली, तेव्हा वर येणाऱ्या लावण्यानं तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली आपली ओढणी दिली, चप्पल-कांदा काही न हुंगवता शांत बसून राहिली आणि शुद्ध आल्यावर म्हणाली, "उठ. जिना पुसलाय आत्ताच, म्हणून घसरलीस." जिना कुणी पुसला नव्हता. ही गोष्ट तीनच बायकांना ठाऊक होती.

"लोक लावण्याताईंचं नाव घेतायत," शर्वरी म्हणाली.

"तोंडावर कोण काय म्हणणार आहे? चार दिवसांत विसरतील. लोकांना दुसरं काहीतरी मिळतं."

*

लोकांना दुसरं काही मिळालं नाही.

सोसायटीत भाजीची वाटणी रविवारी सकाळी गच्चीखालच्या मोकळ्या मजल्यावर व्हायची, आणि तिची पद्धत मटणाची होती. गावाकडं बोकड कापला की सारखे वाटे घालतात, एकजण वाट्यांकडं पाठ करून बसतो, दुसरा एका वाट्यावर बोट ठेवून विचारतो, "हा कुणाचा?" आणि पाठमोरा बसलेला मनाला येईल ते नाव घेतो. कोणता वाटा कुणाला हे कुणाच्याच हातात राहत नाही. हाड आलं तरी भांडण नाही. निम्मी सोसायटी शाकाहारी, पण न्यायाच्या बाबतीत मटण खाणाऱ्यांचा अनुभव मोठा, हे सगळ्यांनी मान्य केलं. प्रत्येक मजल्याचे ढीग वेगळे मांडले जात. बिराजदार पडद्याच्या जुन्या दांड्यानं ढीग दाखवत आणि वृषालीताई पाण्याच्या टाकीकडं तोंड करून नावं घेत. त्या कधी वळून बघत नसत. भाजीचा ढीग बघायचा मोह होणार नाही अशी दुसरी व्यक्ती सोसायटीत सापडली नव्हती.

शनिवारी संध्याकाळी बिराजदार घरी आले. चहा घेतला, साखर नको म्हणाले, बिस्किटं खाल्ली.

"ताई, उद्याचं जरा नाजूक आहे. तिसऱ्या मजल्याचा पालक कुणाच्याही नावावर गेला तरी तो माणूस रुसणार. फेकावा तर तपासणीत नासाडी दिसते, इमारतीला मिळायचं हिरवं तारांकन जातं."

"मग?"

"मग काय, पद्धत मोडायची नाही. तुम्ही पाठमोऱ्या बसा, नावं घ्या. मी नुसता दांडा दोनदा आपटीन, तेव्हा तीनशे दोन म्हणायचं. बाकी देव बघतो."

"देव कुठं बघतो? तुम्हीच बघता की, दांडा धरून."

बिराजदार मनापासून हसले. "ज्याचं त्याला जाईल, एवढंच. अन्यायसुद्धा नाही. पर्यावरणाच्या दृष्टीनं म्हणाल तर हे सगळ्यात लहान वर्तुळ झालं."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तुम्ही कशाला नाही म्हणाल?" त्यांना खरंच कळलं नाही. आतल्या खोलीतून शर्वरीचा आवाज येत होता; उद्यासाठी बेडकाचं एक गाणं बसवत होती. बिराजदारांनी कौतुकानं तिकडं कान दिला. "पोरीच्या वर्गाला खालचा हॉल कायमचा द्यायचा ठराव आणतोय. गुणी पोरगी. आमची नातवंडं तिचं नाव घेऊन झोपतात."

त्यांना काहीही माहीत नव्हतं. अडचण तीच होती. माहीत असतं तर ती धमकी झाली असती, आणि धमकीला माणूस निदान नाही म्हणून बघतो.

रविवारी वाटणीच्या वेळी आई-बापांना मोकळीक मिळावी म्हणून शर्वरी सगळ्या मुलांना गच्चीवर घेऊन जायची. वरून बेडकाचं गाणं ऐकू येत होतं. खाली वृषालीताई टाकीकडं तोंड करून खुर्चीवर बसल्या. दांडा टेकत गेला, त्या नावं घेत गेल्या. मग दांडा दोनदा वाजला.

"तीनशे दोन. गड्डम."

कुणीतरी श्वास सोडल्याचा आवाज झाला. मग लावण्याच्या चपला वाजल्या. वाटा उचलताना कुणी बोलत नाही; ती बोलली. "बरं काकू," म्हणाली.

पुढच्या रविवारी तेच झालं. त्याच्या पुढच्याही. इतकी घरं असताना तोच ढीग त्याच दाराला जातो हे नशीब नव्हे, हे नववीतल्या पोरालाही सांगता आलं असतं, आणि नववीच्या पोरांना शक्यतेचं गणित वृषालीताईच शिकवत. खेळवर्गात वेदश्री दिसेनाशी झाली. शर्वरीनं विचारलं तेव्हा वृषालीताई म्हणाल्या, "मामाकडं गेली असेल."

एका दुपारी लावण्या दारात आली. हातात झाकलेला डबा.

"शर्वी घरात नाय ना?"

"नाही. ये ना आत."

"नको. पालक घालून डाळीचा पप्पू केलाय. घ्या, तुमच्याच घरचा आहे."

वृषालीताईंनी डबा घेतला. न घेणं जास्त दिसलं असतं.

"लावण्या, अगं मी—"

"मी कुणाला बोलले नाय काकू. बोलणार पण नाय. पोरीची गोष्ट आहे, तिनं सांगायची. माझ्या वेदूला लिफ्टमध्ये कुणी हात लावू देत नाय पोरांना, ते जाऊ दे. मला एवढंच वाटलं होतं, की नाव घेताना तुम्ही जरा तरी अडखळाल." ती थोडी थांबली, जणू आठवून खात्री करत होती. "एकदा पण नाय अडखळला."

महिनाअखेरीला तीनशे दोनच्या मालकाला कुणीतरी समजावलं आणि मालकानं भाडेकरार पुढं चालवला नाही. टेम्पोत सामान चढलं तेव्हा बिराजदार स्वतः खाली उभे राहून गॅलरीतल्या कुंड्या नीट ठेवायला सांगत होते. झाडांच्या बाबतीत ते हळवे होते.

*

पुढच्या तपासणीला आठवडा राहिला तेव्हा वृषालीताईंच्या लक्षात आलं, की गड्डम गेले तरी पालक बोलणारच.

त्यांनी बाजारातून झाकणाचा प्लास्टिकचा कॅन आणला. निळा. संडासात कोपऱ्यात ठेवला आणि मुलीला सांगितलं, काही दिवस ह्यात. सकाळी शाळेला जाताना मी घेऊन जाईन, वाटेत सार्वजनिक शौचालय आहे.

शर्वरी बराच वेळ कॅनकडं बघत राहिली. पाण्याचा आणि मातीचा एक कण वाया जाऊ नये म्हणून बांधलेल्या इमारतीतून आपली आई रोज सकाळी पर्सबरोबर हे घेऊन तीन मजले उतरणार, हे चित्र तिच्या डोळ्यांसमोर आलं असावं. ती आधी हसली.

"काहीतरीच काय आई. तपासणीत निघालं तर निघालं. विसरलेत सगळे."

"गड्डम गेल्यावरही निघालं तर लोक विचारतील."

"गड्डमांच्या जाण्याचा ह्याच्याशी काय संबंध?"

वृषालीताई गप्प बसल्या. गणिताच्या शिक्षिकेची ही मोठी चूक होती. उत्तर येत असताना फळ्यासमोर गप्प बसलं की वर्गाला सगळं कळतं.

"ते मोठ्या घरात गेले म्हणालीस तू."

"गेलेच ना ते."

"आई. वाटे कुणाला गेले?"

मग वृषालीताईंनी सांगितलं. दांड्याचं, दोन आवाजांचं, हॉलच्या ठरावाचं. सांगताना त्यांच्या आवाजात रडू नव्हतं, हिशेब होता, आणि तो बरोबर होता: गड्डम भाडेकरू, आज ना उद्या जायचेच, तू मात्र इथं राहायची.

"त्यांनी ओढणी दिली होती मला," शर्वरी म्हणाली. "फेस लागला होता तिला."

"मी तुझ्यासाठीच केलं."

"माहीत आहे. म्हणून तर धड भांडतासुद्धा येत नाही."

रविवारी तिनं वर्ग घेतला नाही. वाटणी अर्ध्यावर आली होती. वृषालीताई टाकीकडं तोंड करून बसलेल्या, आणि त्यांना मागून मुलीचा आवाज ऐकू आला. वर्गात मुलांना सूचना देते तसा, स्पष्ट, मोठा.

"एक सांगायचंय. पालकातलं ते औषध माझं आहे. फिटचं. गड्डमांच्या घरात कुणालाच काही नव्हतं. ते मी घेते, रोज."

पाठमोरं बसलेल्यानं वळायचं नसतं. वृषालीताई वळल्या नाहीत.

आधी टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला. मग बिराजदारांचा. भरून आलेला.

"काय मन आहे बघा. काय संस्कार आहेत!"

"मी खरं सांगतेय काका."

"अगं बाळा, समजतं आम्हाला. तुझं त्या लावण्याशी गूळपीठ होतं. त्यांच्यावरचा डाग आपल्या अंगावर घ्यायला निघालीस. आजच्या काळात कोण करतं?"

कुणीतरी टाळी वाजवली आणि मग बऱ्याच टाळ्या वाजल्या. गड्डमांना उगाच घालवलं असं मानण्यापेक्षा शर्वरी थोर आहे असं मानणं सगळ्यांनाच सोपं होतं.

"टाळ्या कसल्या वाजवताय? आईला विचारा ना. आई, सांग."

सगळे त्या पाठीकडं बघत असणार. वृषालीताईंना ते मानेवर जाणवलं. समोर टाकीची निळी भिंत होती, तिच्यावर क्षमता लिहिली होती. मागं आपली मुलगी होती. एक 'हो' म्हणायचं होतं. नाव घेण्याइतकंच सोपं.

"वृषालीताई?" बिराजदार म्हणाले.

"दांडा टेकवा सर," त्या म्हणाल्या. "पुढचा ढीग."

*

त्या दिवशी शर्वरीवर कुणी विश्वास ठेवला नाही. सोमवारपासून सगळ्यांनी ठेवला.

एका मुलाला पोहायला घातलं होतं. एकाची आजी अक्कलकोटहून यायची होती. एकाला सतरंजीची धूळ सोसत नव्हती. बिराजदारांच्या नातवंडांचा अभ्यास वाढला होता. दोघं बालवाडीत होती. कुणी वाईट बोललं नाही. सगळ्यांनी फोनवर आधी तिच्या मनाच्या मोठेपणाचं पुन्हा कौतुक केलं. शुक्रवारी हॉलमध्ये शर्वरी, सतरंजी आणि कागदाचे बेडूक एवढेच होते. त्याच संध्याकाळी हॉल खेळवर्गाला कायमचा देण्याचा ठराव एकमतानं मंजूर झाला.

शर्वरीनं बॅग भरली. गड्डम साखर पेठेत राहायला गेले होते. त्यांच्या घराच्या वर एक खोली रिकामी होती, खाली घरमालकाचं दुकान. लावण्यानं तिला एकच अट घातली होती, गोळी चुकवायची नाही.

"इमारत कसली आहे?" वृषालीताईंनी विचारलं. काहीतरी विचारायला हवं होतं.

"साधी. सिमेंटची. भिंतीवर काही उगवत नाही. सगळं पाणी सरळ गटारात जातं."

"केवढं वाया!" सवयीनं त्यांच्या तोंडून गेलं.

"हो ना," शर्वरी म्हणाली. "कुणाला काही कळत नाही."

ती गेली. फोन उचलायची, जेवलीस का विचारलं तर हो म्हणायची. चार-पाच मुलं येतात म्हणाली एकदा. त्यांच्या आया विड्या वळतात, येताना वर्गाबद्दल सोडून दुसरं काही विचारत नाहीत. "तू ये ना बघायला" असं मात्र म्हणाली नाही, आणि वृषालीताईंनी "येऊ का" असं विचारलं नाही.

पुढच्या महिन्याच्या तपासणीत पालकात औषध निघालं, पण आधीपेक्षा कमी.

"गड्डम गेल्याचा परिणाम," बिराजदार लॉबीत म्हणाले. "वेळ लागतो, पण सायन्स आहे."

ऋतुराजनं वृषालीताईंना नीट समजावून सांगितलं. विटेच्या छिद्रांत जुनं औषध धरून राहतं. बुरशी ते खात नाही, नुसतं सांभाळते. पाण्याबरोबर हळूहळू उतरतं. माणूस गेल्यावरही भिंतीला विसरायला काही महिने लागतात.

त्यानंतर रविवारी दांडा दोनदा वाजला की वृषालीताई म्हणत, "तीनशे एक. उंबरजे." कुणी हरकत घेतली नाही. त्यांचा त्याग लोकांच्या नजरेत भरला. तो पालक त्या घरी आणत, निवडत, नुसता लसूण घालून परतत आणि एकट्या बसून सगळा खात. देठसुद्धा टाकत नसत. दर महिन्याला ऋतुराज आला की त्याला बाजूला घेऊन विचारत, "आहे का अजून?"

"आहे, पण अगदी थोडं. काळजी करू नका मॅडम, जाईल."

"घाई नाही," त्या म्हणत.

थंडी सरता सरता इमारतीला हिरवं तारांकन मिळालं. लॉबीत फुलांच्या माळा लागल्या. त्या बाहेरून विकत आणल्या होत्या, कारण भिंतीवर फुलं लावायला नियमात परवानगी नव्हती. बिराजदारांनी पेढे वाटले आणि शुद्धतेवर भाषण केलं. वृषालीताईंचा शाल देऊन सत्कार झाला. शाल खांद्यावर तशीच ठेवून त्या गर्दीतून ऋतुराजपाशी गेल्या.

"तिसऱ्या मजल्याचं काय?"

"काहीच नाही मॅडम. पूर्ण स्वच्छ."

"नीट बघितलंत?"

"दोनदा बघितलं."

"पुन्हा एकदा बघता का? जुन्या विटांजवळची पानं घेऊन. खालची. तिथं असेल थोडं."

ऋतुराज चांगला मुलगा होता. त्यानं पेढ्याचा हात रुमालाला पुसला आणि त्यांना धीर येईल अशा आवाजात म्हणाला, "मॅडम, अगदी निर्धास्त राहा. तुमच्या मजल्यावर आता तसलं कुणीही राहिलेलं नाही."